मागचं दार

मंगळवार, ४ मार्च

ठोंब्या,

आशीर्वाद वगैरे मागून. आधी हे वाच: तुझी बायको जिवंत आहे.

पुन्हा एकदा वाच, कारण पहिल्या वाचनात तुझ्या डोक्यात काही शिरत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. ती मोठ्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारच्या खाटेवर आहे. काल दुपारीच ऑपरेशन झालं. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत राहिला होता आणि नळी फुटली. रक्त पोटातल्या पोटात साचत होतं, म्हणून बाहेर थेंब दिसला नाही. मूल गेलं. ती राहिली. आज सकाळी मी तिला चमच्याने पाणी पाजलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "हे कुठे आहेत?" मी म्हटलं, "येईल." दुसरं काय सांगणार होते, तुझा नवरा आमच्या डॉक्टरांचं कानशील फोडून पळालाय म्हणून?

तू कुठे आहेस हे शोधायला मला डोकं चालवावं लागलं नाही. मावशीने दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, "काच घुसलेल्या हाताला काय लावायचं ते विचार तिला." मावशीचे दोन्ही हात धडधाकट आहेत, हेही दूधवाल्यानेच सांगितलं. म्हणजे तू तिच्या वरच्या खोलीत आहेस. हे पत्र त्याच्याच हाती देते. फोन करू नकोस, माझा फोन फौजदाराने नेलाय.

हाताचं ऐक. काचेचे तुकडे चिमट्याने काढ, बोटांनी उकरू नकोस. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात धू. स्वच्छ कपडा बांध, आवळून नको. बोटं बधिर वाटली तर शीर तुटली असेल, आणि मग मावशीच्या मलमाने काही होणार नाही.

आता पट्टीचं. दाराच्या काचेवर मुठी आपटत तू जे ओरडत होतास ते सगळ्या आरोग्य केंद्राने ऐकलं. "पट्टी बांधलीये, दिसत नाही का रे आंधळ्यांनो!" मलाही ऐकू आलं. मी ड्रेसिंगच्या खोलीत एका सुताराचं तुटलेलं बोट धरून बसले होते. मला वाटलं, असेल कुणीतरी रोजचाच.

तुला त्या पट्टीचं अर्धंच माहीत आहे. नवी पद्धत आली तेव्हा आमच्या दाराला काच बसली, आतून बटण दाबल्याशिवाय न उघडणारी. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं ठरलं. खिडकीत यंत्र आलं. आणि वरच्या ऑफिसात कुणीतरी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे आमचे, पलीकडचे दुसऱ्या केंद्राचे. ती रेघ नेमकी आपल्या रस्त्याच्या मधून गेली. तू घरात शिंकलास तर आमच्या खिडकीवर ऐकू येतं, पण तू आमचा नाहीस. तुमचं केंद्र उड्डाणपुलाच्या पलीकडे, दोन गाड्या बदलून. पलीकडच्याच्या कार्डाचा नंबर टाकला की यंत्र लाल होतं आणि औषधाचं कपाट उघडत नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून घेतलं. "सिस्टर, यंत्राला फक्त नंबर कळतो. कुणाची वेळ भरत आलीये ते तुम्हाला कळतं. अशाच्या मनगटाला पट्टी बांधा. पट्टी दिसली की नंबर विचारायचा नाही, सरळ आत." कपाटाचं ते बघून घेतील म्हणाले, आणि त्यांनी बघून घेतलं. कसं, ते मी विचारलं नाही.

काही महिने छान चाललं. मग लोक शहाणे झाले. घरूनच पट्टी बांधून यायला लागले. खोकल्याला पट्टी, खरजेला पट्टी. एक आजी दर सोमवारी तीच पट्टी धुऊन, इस्त्री करून बांधून यायच्या. शेवटी मी गाठ बदलली. टोकं बाहेर न ठेवता आत खोचायची. खिडकीवरच्या पोरीला आणि कंपाउंडर काकांना तेवढी दाखवली. तुला दाखवली नाही. तुला दाखवली असती तर तू तुझ्या दोस्ताला, जाड्याला सांगितलं असतंस आणि जाड्याने अख्ख्या गल्लीला. शिवाय मला भावासाठी वेगळा नियम करायचा नव्हता, आणि आजही करायचा नाही.

तू घरी बांधलीस ती जुन्या गाठीने. पोरीने बाहेर लोंबणारी टोकं पाहिली आणि तुझ्या बायकोला बाहेरच्यांच्या बाकावर बसवलं. अशा नकली पट्ट्या ती रोज बघते, आणि रोज शिव्या खाते. तुझी बायको बाकावरून खाली कोसळली तेव्हा तीच सगळ्यात आधी धावली.

डॉक्टर बेशुद्ध आहेत. काही बिघडलेलं नाही असं मी लिहिणार नाही, खूप बिघडलंय. पण ते श्वास घेताहेत. तोवर ये. स्वतःच्या पायांनी चौकीत जा. मी दाराशी उभी राहीन.

ताई

शुक्रवार, ७ मार्च

ठोंब्या,

तुझं उत्तर मिळालं. दुधाच्या कॅनमध्ये घडी घालून टाकलेलं, ओलं झालेलं. "खोटारडी. मी तिला मागच्या दाराने नेताना डोळ्यांनी पाहिलं. तोंडावर चादर होती. मला पकडून द्यायला जिवंत केलीस काय?"

असा राग आला की कागदाचे तुकडे केले. मग तेच गोळा करून पुन्हा वाचले.

मागच्या दाराने आमच्याकडे फक्त मयत नेतात, हे तू मला शिकवणार? आईला आपण दोघांनी त्याच दाराने नेलं. तू पायाकडून धरलं होतंस आणि उंबऱ्याला अडखळला होतास. तू काचेतून बोळाच्या टोकाशी स्ट्रेचर पाहिलंस, चादर पाहिलीस आणि तुझ्या डोक्यात जे आलं ते माझ्याही आलं असतं. पण आता नीट ऐक.

पूर्वी आमची गाडी होती, तुला आठवते. नव्या पद्धतीत ती गेली. आता मोठ्या हॉस्पिटलाची गाडी फोन करून मागवायची. काकांनी फोन केला. तिकडची बाई विचारते, रुग्ण कुठल्या केंद्राची? पलीकडची? मग गाडी पलीकडच्या केंद्राने मागवायला हवी. काका समजावत बसले. डॉक्टरांनी तोवर तुझ्या बायकोच्या दोन्ही हातांत सुया घालून सलाईन सोडलं होतं. नाडी हाताला लागत नव्हती. त्यांनी काकांच्या हातातून फोन काढून खाली ठेवला आणि म्हणाले, "आवारात औषधांची व्हॅन उभी आहे. तीत घाला."

त्या व्हॅनमध्ये माणूस घालायचा नाही असा हुकूम आहे, आणि रेघेपलीकडचा तर नाहीच. पुढच्या दारावर कॅमेरा आहे. म्हणून मागचं दार. आणि चादर मी ओढली. मीच, कपाळाच्या वरपर्यंत. बाकावर आणखी बरेच जण बसले होते. कोण चाललंय हे त्यांनी पाहिलं असतं तर उद्या वर तक्रार गेली असती आणि डॉक्टरांची नोकरी गेली असती. मला त्या क्षणी तेवढंच सुचलं. लपवून काम करायची आम्हाला इतकी सवय झालीये की जिवंत बाईला मढ्यासारखं नेताना मला काही वाटलं नाही.

व्हॅनचं दार लावत होते तेव्हा काच फुटल्याचा आवाज आला. मी बोळातून पुढे पळाले. तू लोखंडी कचऱ्याच्या डब्याने काच फोडली होतीस आणि आत हात घालून बटण दाबत होतास. मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. मी तुला सांगायलाच येत होते. तोंड उघडलं होतं मी. ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ खिळ्याला पाना टांगलेला असतो, तो तू काढलास. डॉक्टर माझ्या मागून हात पुसत आले. पुढचं तुला माहीत आहे आणि मलाही, म्हणून लिहीत नाही.

काल तुझे भक्त आले होते. रेघेपलीकडचे, शंभरेक तरी असतील. "वहिनीला न्याय द्या" असा फलक घेऊन. मी पायरीवर उभी राहून ओरडले, "अरे, ती जिवंत आहे, जाऊन बघा." पुढच्या रांगेतल्या एकाने विटेचा तुकडा मारला. कपाळ फुटलं. काकांनी टाके घातलेत, वाकडे. आयुष्यभर गोळ्या मोजलेला माणूस, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

मग ते आत शिरले. यंत्र उचलून रस्त्यावर आपटलं आणि पेटवलं. त्याचं मला दुःख नाही. पण खिडकीवरच्या पोरीला केसांना धरून काउंटरपर्यंत ओढलं. "हिनेच बसवलं बाकावर." तिचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि वरून लोखंडी स्टूल आपटलं. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज मी नोकरीत पुष्कळ ऐकलाय, पण या वेळी ज्याचं हाड होतं तो माणूस "ताई, ताई" करून मला हाक मारत होता. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी हातात आली ती कात्री घेऊन सुटले. एकाच्या दंडात खुपसली. तो किंचाळला आणि मला बरं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगते, कारण आपण एकाच आईची पोरं आहोत आणि तो राग कुठून येतो ते तुला ठाऊक आहे.

आज तुझ्या बायकोला म्हटलं, दोन ओळी लिही. तुझं अक्षर पाहिलं की त्याला पटेल. डॉक्टरांना कुणी मारलं ते एव्हाना तिला कळलंय, वॉर्डात सगळे तेच बोलतात. ती म्हणाली, "ज्यांनी मला गाडीत घातलं त्यांना ह्यांनी मारलं. मी काय लिहू, ताई?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हा माझ्याकडे पुरावा नाही. माझा शब्द आहे, तो घे.

ताई

मंगळवार, ११ मार्च

ठोंब्या,

जाड्याला पकडलं. रविवारी, त्याच्या मोटरसायकलसकट. तुला त्या दिवशी कुणी पळवलं हे फौजदाराला कळायला वेळ लागला हेच नवल, अख्ख्या रस्त्याने पाहिलं होतं.

काल चौकीतून माणूस आला. केंद्रात डॉक्टर उरलेला नाही, म्हणून फौजदाराने मलाच बोलावलं. पोरगा कोठडीत मेला तर त्याला जड जाईल, एवढीच काळजी. मी पिशवी घेऊन गेले.

जाड्या भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब करून. तळवे सुजून फुटले होते. डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. पाठीवर पट्ट्याचे वळ एकावर एक, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते कळत नव्हतं. कोपऱ्यातल्या बादलीत बघितलं तर लघवी लाल. मी आयोडीन लावायला घेतलं तर तो ओरडला नाही, नुसता दात खात राहिला. मग मला जवळ बोलावून कानात म्हणाला, "ताई, मी नाही सांगितलं हां." आणि हसला. पुढचा एक दातही गेलाय. "वजन कमी करायचं म्हणत होतीस ना तू? होतंय."

मी बाहेर आले. फौजदार टेबलावर पाय टाकून चहा पीत होता. "पत्ता सांगितला की थांबवतो. आम्हालाही हौस नाही हो, सिस्टर. दमायला होतं." मी म्हटलं, "त्याची किडनी जाईल." तो म्हणाला, "मग त्याला समजवा तुम्ही."

पत्ता माझ्याजवळ होता. पिशवीत कापूस आणि आयोडीन, आणि तोंडात पत्ता. मी गप्प राहिले आणि घरी आले. तुझ्यासाठी मी गप्प राहिले आणि तिकडे जाड्याला पुन्हा उभा केला असेल. तुला हे वाचताना काही वाटतंय का? तू मावशीच्या उशीवर डोकं ठेवून झोपतोस, तुझ्या वाटचा मार तो खातोय.

वरच्या ऑफिसातले साहेब येऊन गेले. तोंडाला रुमाल लावून जळकं केंद्र पाहिलं. काचेऐवजी आता लोखंडी जाळी बसवलीये, तिच्यातून फक्त हात जाईल एवढी फट. नवं यंत्र येणार आहे, बोट टेकवायचं. आणि मागचं दार बुजवलं. काल गवंडी आला आणि विटा चढवून गेला. मी साहेबांना विचारलं, "मयत कुठून न्यायचं?" म्हणाले, "पुढून. म्हणजे नोंद होईल." मग विचारतात, "सिस्टर, ते पट्टी म्हणजे काय प्रकरण आहे? कानावर आलंय." मी म्हटलं, "जखमेला बांधतात ती, साहेब." काका मागे खोकत होते.

जाळी बसली त्याच दिवशी एक बाई आली, रेघेपलीकडची, कडेवर भाजलेलं पोर घेऊन. मी फटीतून हात घालून त्याच्या मनगटाला पट्टी बांधली, टोकं आत खोचून, जशी बांधायची तशी. पण ती पट्टी बघून आत घेणारा माणूस मोठ्या हॉस्पिटलात नळ्या लावून पडलाय. पोराच्या अंगावर मलम मी जाळीतूनच लावलं. ते माझ्या बोटाला चावलं, इतकं दुखत होतं त्याला.

डॉक्टरांबद्दल विचारू नकोस. काल त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना वॉर्डाच्या बाकावर बसलेलं पाहिलं आणि मी दुसऱ्या जिन्याने गेले.

शुक्रवारपर्यंत ये. पुढे मी काय करीन ते मला माहीत नाही. खरं तर माहीत आहे.

ताई

शुक्रवार, १४ मार्च

ठोंब्या,

हे पत्र दूधवाल्याने आणलेलं नाही. मी मावशीच्या जिन्यात, वरच्या पायरीवर बसून लिहितेय आणि दाराखालून सरकवणार आहे. तू आत फेऱ्या मारतोयस ते ऐकू येतंय. दाराजवळ येतोस, थांबतोस, परत जातोस. लहानपणी वडील चिडले की असाच खोलीत फिरायचास.

डॉक्टर बुधवारी गेले. आता हा खून आहे.

पत्ता मी दिला. दुसऱ्या कुणी नाही, जाड्याने तर नाहीच. काल मी पुन्हा त्याच्या पट्ट्या बदलायला गेले. त्याने मला ओळखलं नाही. मला आई म्हणाला, आणि शिपाई दारातून दिसला तसा हात डोक्यावर घेऊन भिंतीत शिरायला लागला. एवढा मोठा जाड्या, इवलासा झाला होता. मी पिशवी खाली ठेवली, बाहेर गेले आणि फौजदाराला गल्ली, घर आणि मजला सांगितला. त्याने लिहून घेतलं. मग मी म्हटलं, जाड्याला माझ्यासमोर हॉस्पिटलात हलवा, त्याशिवाय मी इथून उठत नाही. त्याला हलवला. मग म्हटलं, वर आधी मी जाणार. तो म्हणाला, "त्याच्या हातात काही दिसलं तर माझी माणसं थांबायची नाहीत. डॉक्टरचा जीव गेलाय, सगळे तापलेत." मी म्हटलं, त्याच्या हातात काही नसेल. हे मी तुझ्या भरवशावर बोलले. असल्या भरवशावर मी एरवी पेन्सिलसुद्धा उसनी दिली नसती.

फौजदार खाली गल्लीच्या तोंडाशी आहे. समोरच्या गच्चीवर दोघे आहेत, बंदूक घेऊन. मावशीला शेजारी नेलंय, ती रडतेय आणि मला शिव्या देतेय. या खोलीला मागचं दार नाही, तुला माहीत आहे. लपाछपीत तू नेहमी इथेच सापडायचास.

परवाच्या कॅनमधली तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. "तू दारात दिसलीस तर त्या दिवशी राहिलेलं पुरं करीन." ती मी फौजदाराला दाखवली नाही. जाळली.

आता त्या दिवशीचं लिहिते, जे आधी लिहिलं नाही. पाना तू माझ्यासाठी उचलला होतास. खिळ्यावरून काढताना तुझे डोळे माझ्यावर होते. तू म्हणालास, "तू बसवलंस तिला. तू मारलंस." मी तिथेच थिजले. माझा धाकटा भाऊ मला मारणार आहे हे मला कळत होतं आणि पाय हलत नव्हते. डॉक्टरांनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि माझ्या जागी ते आले. तो घाव पूर्ण जोराचा होता. ते पडले नाहीत, भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. तू पाना टाकून पळालास. कानातून रक्त येत होतं आणि ते मला विचारत होते, "सिस्टर, व्हॅन निघाली का?" मी म्हटलं, "निघाली." मग त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर ते बोलले नाहीत.

फौजदाराला एवढंच माहीत आहे की तू डॉक्टरांना मारलंस. कोर्टात मी सगळं सांगणार आहे, घाव कुणासाठी होता तेही. त्याने तुझं भलं होईल की वाईट, ते वकिलाला ठाऊक. मला तुझी भीती वाटते. आत्ता, हे लिहिताना, वाटते. अक्षर बघ कसं आलंय. आणि तू खिडकीकडे जाशील, गच्चीवरचा एखादा घाबरेल आणि गोळी झाडेल, याची भीती त्याहून जास्त वाटते.

काल संध्याकाळी तुझ्या बायकोला डॉक्टर गेल्याचं सांगितलं. ती भिंतीकडे वळली. मग भिंतीकडून तोंड वळवून म्हणाली, "ताई, ह्यांना एवढंच सांगा. वाटाणा गेला. मी आहे." वाटाणा कोण ते मी विचारलं, तर तिला रडू फुटलं आणि टाके दुखतील म्हणून तिने पोट दोन्ही हातांनी दाबून धरलं. पोटातल्या बाळाला तुम्ही दोघं तसं म्हणत असाल, असा माझा अंदाज. मला हा शब्द तिने सांगितल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. तेव्हा आता तरी विश्वास ठेव. ती आहे.

मावशीची भाजीची सुरी तुझ्याकडे आहे, मावशीनेच सांगितलं. ती जमिनीवर ठेव आणि पायाने लांब ढकल. मी पट्टी आणलीये. दार उघडलंस की तो काच लागलेला हात पुढे कर. मी मनगटाला पट्टी बांधते, टोकं आत खोचून. खाली फौजदाराला मी गाठ दाखवून ठेवलीये. मनगटाला ही पट्टी दिसली की कुणी हात उचलायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. मग मी तुझा दुसरा हात धरीन आणि आपण जिना उतरू. मी वाकून चालायला सांगितलं तर वाक, तिथे शहाणपणा करू नकोस.

आणि चिठ्ठीत लिहिलंस तेच करायचं असेल, तर मी दाराला लागून उभी आहे. ओरडणार नाही.

कडी काढ. या वेळी आपल्या दोघांच्या मध्ये कुणी नाही.

ताई